पाचवं बूच

१

जुन्या गाडीचं इंजिन म्हणजे म्हाताऱ्याचं तोंड, असं बाबा म्हणायचे. बाहेरून बत्तिशी शाबूत, आतून सगळी कीड. त्या दिवशी त्यांनी हे मुद्दाम ऐकवलं, कारण गाडी दातांच्या डॉक्टरांची होती आणि गिऱ्हाइकाला त्याच्याच धंद्यातला विनोद ऐकवायची बाबांना खोड होती. डॉक्टर हसले नाहीत. चावी टेबलावर ठेवत म्हणाले, "घाई नाही, मिस्त्री. सावकाश होऊ द्या," आणि गेले.

"तुम्हाला सावकाश म्हणू नका म्हणावं त्यांना," बॉनेट उघडता उघडता मुलगी म्हणाली. "तुमच्या हातात सावकाश म्हणजे पुढचा जन्म."

"मग तू कर. कागद आहे ना तुझ्याकडे, चौकटीत घालून टांगलेला."

कागद म्हणजे तिची इंजिनियरिंगची पदवी. चांगली नोकरी सोडून ती बाबांच्या गॅरेजात आली होती, आणि बाबांच्या मते ती अजूनही 'बघत' होती. बुचं बदलायचं काम तिच्या वाट्याला आलं ते एवढ्याचसाठी, की बाबांची पाठ आता वाकत नव्हती.

बुचं म्हणजे काही मोठी भानगड नव्हे. इंजिनचं लोखंड ओततात तेव्हा आतल्या पोकळीच्या जागी वाळू भरलेली असते. ती वाळू काढून घ्यायला कडेला गोल भोकं ठेवतात, आणि मग त्या भोकांवर पितळेच्या उथळ वाट्या ठोकून बसवतात. तीच बुचं. पोकळीत पाणी खेळतं, इंजिन थंड राहतं, वाट्या आतून खंगत जातात आणि एका सकाळी गाडीखाली थारोळं दिसतं. मग जुनी काढायची, भोकं घासून लख्ख करायची, नवी ठोकायची. डोक्यापेक्षा मनगटाचं काम.

तिने खालचा नळ सोडून इंजिनातलं पाणी काढून टाकलं. बुचाच्या कडेला पंच धरून हलका ठोका द्यायचा, बूच जागच्या जागी आडवं फिरतं, मग पक्कडीने ओढून घ्यायचं. चार निघाली. पाचवं मागच्या टोकाला होतं, हात तिरपा घातल्याशिवाय पोचत नव्हता. ठोका जरा जोरात बसला, आणि बूच फिरायच्या ऐवजी आतच पडलं.

"पडलं ना?" खुर्चीतून बाबा म्हणाले.

"पडलं."

"राहू दे आतच. निम्म्या गाड्यांत जुनी बुचं लोळत असतात. कोणाचं काय बिघडलंय?"

"कोणी उघडून बघितलंय का, बिघडलं की नाही ते? तुम्हा लोकांचं सगळं असंच. वाहायचं थांबलं की झालं काम."

"मग? गाडीला काय वाहायचं थांबवण्यापेक्षा जास्त पाहिजे असतं?"

तिने तारेला आकडा करून आत घातला. बूच पितळेचं, लोहचुंबकाला दाद देईना. तारेचा धक्का लागला की ते खळ् करून पुढे सरकायचं. मग आणखी पुढे. एवढ्याशा पोकळीत सरकून सरकून ते किती सरकणार? पण सरकत होतं. तेवढ्यात आईचा फोन आला, डबा कधीचा पोचलाय आणि दोघं जेवला का नाहीत म्हणून. मुलीने "जेवतोय, जेवतोय" म्हणत फोन ठेवला आणि हात धुतले.

२

जेवून परत आली तेव्हा बूच भोकाच्या तोंडाशी आलेलं होतं.

आडवं, कड बाहेर काढून, नुसतं बोटांनी धरायचं बाकी. कोणी हातात पाना द्यावा, मूठ आपल्याकडे करून, तसं. तिने ते ओढलं. विरोध झाला नाही. उलट शेवटच्या क्षणी समोरून सोडल्यासारखं झालं.

"तुम्ही काढलंत?"

"मी?" बाबा बडीशेप चघळत होते. "मी तुझ्याबरोबर जेवत होतो. तूच काढलं असशील आणि विसरली असशील. डोक्यात कागद भरला की बाकीच्याला जागा राहत नाही."

इंजिन तिरकं असेल, बूच आपोआप घरंगळलं असेल. तिने लेव्हल लावून पाहिलं. बुडबुडा बरोबर मधोमध. मग तिने ते डोक्यातून काढून टाकलं. प्रत्येक गोष्टीचा पाठपुरावा करत बसलं तर संध्याकाळपर्यंत एक नट फिरायचा नाही.

भोकं घासताना मात्र तिला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. दार बंद करायचं राहिलंय, असं. बऱ्याच वेळाने कळलं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नव्हती. सेल गेला असेल म्हणून तिने वर पाहिलं. सेकंदकाटा चालत होता.

"सेल कमजोर झालाय," बाबा म्हणाले.

सेल कमजोर झाला की काटा मंदावतो, आवाज कमी होत नाही, हे तिला माहीत होतं. पण अजून चार भोकं घासायची होती, वाद घालायला वेळ नव्हता.

तिने पाचही नवी बुचं कडेला सीलंटचा चिकट लेप लावून ठोकली, वर पाणी भरलं, पंपाने दाब देऊन पाहिलं. थेंब नाही. बाबांनी वाकून पाहायचा प्रयत्न केला, कण्हले, आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "बरं बसलंय." त्यांच्या तोंडून ही शाबासकीच. ती शिट्टी वाजवत घरी गेली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचवं बूच गाडीखालच्या पराती‍त पडलेलं होतं. त्याच्यावर सीलंटचा लवलेशही नव्हता, कोणी फडक्याने पुसून ठेवल्यासारखं. परात कोरडी होती. फरशी कोरडी होती.

भोक उघडं होतं आणि पाणी त्यात उभं होतं.

ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. काच लावल्यासारखं सपाट, तिच्या टॉर्चचा ठिपका त्यात हलत होता. तिने बोट लावलं. बोट ओलं झालं, थंड लागलं. बोट काढलं तशी जागा पुन्हा भरून आली. एक थेंबसुद्धा खाली आला नाही.

रेडिएटरचं झाकण घट्ट आहे, तिने स्वतःला समजावलं. सरबताच्या नळीवर वरून बोट ठेवलं की खालून सरबत पडत नाही, तसंच हे. तिने वर जाऊन झाकण उघडलं. आता भोकातून फवारा उडायला हवा होता. तिने उगीचच चेहरा मागे घेतला.

पाणी उभंच होतं.

"बाबा, इकडे या."

ते आले, कमरेवर हात ठेवून कसेबसे वाकले, पाहिलं. मग सरळ झाले आणि रुमालाने मान पुसली. "थांबलंय ना?" ते म्हणाले. "मग थांबू दे. वरून नवं बूच ठोकून टाक आणि डॉक्टरांना फोन कर, गाडी घेऊन जा म्हणावं."

"थांबू दे? हे काय आहे ते बघायचं नाही?"

"काय करायचंय बघून?"

"अहो, तुमच्या समोर पाणी हवेत उभं आहे."

"माझ्या समोर तू उभी आहेस, तीही माझं ऐकत नाहीस. जगात बऱ्याच गोष्टी उभ्या असतात."

तिचं डोकं फिरलं. न बघता, न विचारता, वरून ठोकून टाकायचं. गाड्यांचं तेच, घरातल्या भांडणांचं तेच, आजाराचं तेच. ती गाडीखाली सरकली आणि तिने खालचा नळ पूर्ण उघडला. पाणी नळातून साध्या पाण्यासारखं आलं, परात भरली, मग बादली. इंजिन रिकामं झालं. पाचवं भोक आता काळं आणि कोरडं होतं.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले.

४

फोनला जोडायचा एक वायरीसारखा कॅमेरा तिच्याकडे होता, टोकाला बारीक दिवा असलेला. तिने तो पुढच्या बाजूने, रेडिएटरच्या पाइपाच्या तोंडातून पोकळीत सोडला. मागून पाचवं भोक उघडं असल्याने त्यातून गॅरेजचा उजेड दिसेल, असा हिशोब.

पडद्यावर गंजाच्या भिंती आल्या, तांबूस, खवल्याखवल्यांच्या. एक वळण. दुसरं वळण. बाबा तिच्या खांद्यावरून पाहत होते; त्यांना ह्या कॅमेऱ्याचं नवल होतं, पण ते कबूल करायचे नाहीत.

"ते बघ, उजेड बाहेर पडतोय," ते म्हणाले. खरंच, कॅमेऱ्याचा दिवा पाचव्या भोकातून बाहेर येऊन मडगार्डच्या आतल्या बाजूवर पडला होता, पांढरा गोल ठिपका. म्हणजे कॅमेरा भोकासमोर पोचला होता आणि मध्ये काहीही नव्हतं.

पडद्यावर भोक बंद होतं.

बाहेरून कोणीतरी अंगठा लावला होता. काचेवर दाबल्यावर दिसतो तसा चपटा, पांढुरका, कडेला लालसर. रेषारेषांत ग्रीस मुरलेलं. मधून एक तिरका व्रण, पत्र्याने कापल्याचा.

तिने मान वळवली. भोकापाशी कोणी नव्हतं. ठिपका मडगार्डवर तसाच.

बाबांनी आपला उजवा हात वर करून अंगठ्याकडे पाहिलं. तो व्रण तिला लहानपणापासून पाठ होता. त्यांनी हात हळूच खिशात घातला.

"प्रतिबिंब असेल," ती म्हणाली.

"असेल."

"लेन्स ओली आहे. कशाचं काहीही दिसतं."

 बाबा छताकडे पाहत होते. पंखा फिरत होता, त्यांचे केस उडत होते, पण त्याची घरघर उतरत चालली होती. बंद होतानाची घरघर अडखळते. ही तशी नव्हती. टाकीतलं पाणी उतरावं तशी, एकसारखी, खाली खाली. रस्त्यावर कोणी हॉर्न दिला. तो गादीखालून आल्यासारखा आला. पुढचा आलाच नाही, फक्त दारातून एक ट्रक सरकत गेलेला दिसला.

एका बाजूला भरलेलं, दुसऱ्या बाजूला रिकामं, मध्ये भोक असलं की भरलेलं रिकाम्याकडे जातं. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. सकाळपर्यंत पाण्याने भरलेली बाजू आतली होती; आता ती रिकामी होती, आणि भरलेलं होतं ते बाहेर, आवाजांनी.

बाबांची पाठ वाकत नव्हती, तरी ते वाकले. बूच उडालं की आधी अंगठा लावायचा आणि मग नवं शोधायचं, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. विचार करायच्या आत हात गेला होता.

रस्त्याचा आवाज होता तिथेच थांबला. जेवढा उरला होता तेवढा ऐकू येत राहिला, दूरचा, पातळ. पंख्याचा आवाज परत आला नाही.

"बूच दे," बाबा म्हणाले. "उभी काय राहिलीस?"

५

बुचं दिली. पितळेचं दिलं, पोलादाचं दिलं, मधला नट पिळून फुगवायचं रबरी दिलं. बाबा अंगठा काढणार, ती झटकन ठोकणार, आणि क्षणभर सगळं ठीक. मग बूच आतून सरकत सरकत बाहेर यायचं, रागाने नाही, सभ्यपणे, आणि तिच्या तळहातावर पडायचं. तिने पाणी परत भरून पाहिलं. आदल्या दिवशी बादली-दीड बादलीत इंजिन काठोकाठ भरलं होतं. आता बादल्यांवर बादल्या ओतल्या, भरेना, खाली थेंबही गळेना. दर वेळी अंगठा निघायचा तेवढ्यात रस्ता आणखी थोडा उतरायचा. शेवटी बाबाच म्हणाले, "पुरे."

त्यांनी स्टूल मागवलं, पाठीला टायर लावून घेतला आणि ते बसले. रात्री घरी आले नाहीत. आईला सांगितलं, काम अडलंय.

सकाळी दातांचे डॉक्टर आले. आत आले नाहीत. शटरच्या रेषेच्या बाहेर उभे राहिले. बाबांचा हात इंजिनामागे कोपरापर्यंत गेलेला त्यांनी पाहिला आणि त्यांना जराही नवल वाटलं नाही. मुलीला त्याच क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला.

"आमचे वडीलही असेच बसायचे," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला वाटायचं, गाडीचा लळा आहे."

"मग ते गेल्यावर?"

"ते गेल्यावर मी रोज सकाळी पाणी घालायचो. जेवढं वाहायचं तेवढं. आत पाणी असलं की बरं असतं." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ते ऐकू येतं?"

"सेल कमजोर झालाय," तिच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "आमच्याकडेही आधी घड्याळच गेलं."

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गाडी इथे आणून लावलीत?"

"किती दिवस घालणार पाणी, तुम्हीच सांगा. मलाही मुलं आहेत." ते खरंच तिच्या उत्तराची वाट पाहत थांबले. मग म्हणाले, "गाडी राहू द्या. कागदपत्रं पाठवून देतो," आणि वळले. त्यांच्या बुटांचा आवाज येत नव्हता.

"भला माणूस आहे," बाबा म्हणाले.

"भला?"

"सांगून तरी गेला."

६

दुपारपर्यंत बाबांचा हात मनगटापासून सुजला होता. बोटं निळसर दिसत होती. ती म्हणाली, मी बसते. ते म्हणाले, नको. ती म्हणाली, निदान तासभर. ते म्हणाले, तुझा हात लहान आहे, भोक झाकायचं नाही. हे खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

आईचा फोन आला. मुलीने तो स्पीकरवर टाकून बॉनेटच्या कडेला ठेवला.

"काय लावलंय दोघांनी?" आई म्हणाली. "काल रात्रीचं ताट झाकून ठेवलेलं तसंच. गाडी आहे का कोणाची बायको आहे, सोडवत नाहीये ती? त्यांच्या गोळ्या इथेच राहिल्यात. त्यांना सांग, मी येऊन कान धरून नेईन."

"नेतेस की काय खरंच," बाबा हसले. "ये, ये."

ते हसले, आणि मुलीला ते असह्य झालं. गोळ्या घेतल्या नव्हत्या, हात काळानिळा पडला होता, आणि हा माणूस हसत होता. हात आपोआप गेला, म्हणून बसला होता. डॉक्टरांचे वडील मरेपर्यंत बसले. कोणीच कधी हात काढून शेवटपर्यंत काय होतं ते पाहिलं नाही. घड्याळ गेलं, पंखा गेला, बरं, मग? आवाजाशिवाय पंखा वारा देतोच आहे. एवढ्यासाठी माणूस घालवायचा?

"उठा," ती म्हणाली.

"गप बस."

तिने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि पाय बंपरला लावून ओढलं. म्हातारा हात, सुजलेला, तो आला. बाबा स्टुलावरून बाजूला कलंडले. तिने त्यांच्या आणि इंजिनाच्या मध्ये अंग घातलं.

"बघू तरी द्या," ती म्हणाली. "एकदा शेवटपर्यंत बघू द्या."

रस्ता गेला. एवढा लवकर, की जणू तो नव्हताच. मग काही वेळ काहीच झालं नाही, आणि तिला वाटलं, हेच, एवढंच, ह्याच्यापुढे काही नाही.

आई बोलत होती. "...आणि येताना दूध आणा म्हणावं, मी आता परत खाली उतरणार नाही, गुडघा ठणकतोय..." ती बोलतच होती, पण शब्द बारीक होत चालले होते. लांब जात नव्हते. जागच्या जागी उतरत होते. गुडघा. मग दुसरं काहीतरी. मग नुसता तिच्या बोलण्याचा हेलकावा, शब्दांशिवाय. मग तोही नाही. फोनच्या पडद्यावर सेकंद पुढे जात राहिले.

मुलगी वळून भोकावर पडली. अंगठा बसला, अचूक, मापाने केल्यासारखा.

"आई," ती फोनकडे पाहून म्हणाली. "आई, बोल."

सेकंद चालत होते. मग कॉल तुटला. पलीकडून कोणीतरी कंटाळून फोन ठेवल्यासारखा.

बाबा फरशीवर बसून होते. सुजलेला हात मांडीवर घेऊन ते कण्हले.  

"मला तुमचं ऐकू येतंय," ती म्हणाली.

"मलाही तुझं," बाबा म्हणाले. "सरक. पाळीपाळीने बसू."

७

आई आली. रिक्षातून उतरली, रिक्षावाल्याला पैसे देताना वाद घालत होती, हात हलवत, त्या गुडघ्याने लंगडत. शटरखालून आत आली ती बोलतच आली, पण दोघांनाही नुसते ओठ हलताना दिसत होते. मुलीने इतकी वर्षं हा चेहरा पाहिला होता, पण बोलताना तो कसा हलतो, हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. वरचा ओठ डावीकडे जास्त उचलला जायचा. रागावली की डोळे आधी मोठे आणि मग बारीक.

आईला स्वतःला काही कळलं नव्हतं. तिने पिशवी ठेवली, गोळ्या काढल्या, बाबांच्या सुजलेल्या हाताकडे पाहून तोंडावर हात नेला, मग त्यांना फैलावर घेतलं. बाबा मान हलवत होते.

"हो, चुकलं," ते म्हणाले. "मीच म्हटलं तिला, राहू दे म्हणून."

आईने मुलीकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं.

"तिचाही हट्ट," बाबा म्हणाले. "तुझ्यावर गेलीय."

आई हसली. चिडता चिडता हसली, पदराने नाक पुसलं. अंदाज बरोबर लागला होता. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाला पुढचं वाक्य माहीत असतं, असं मुलीने मनाशी म्हटलं, आणि तिला क्षणभर वाटलं की निभेल. बाबा अंदाजाने उत्तरं देतील, ती त्या उत्तरांवरून ओळखेल. अंगठ्याखालचं लोखंड कोमट लागत होतं.

आईने पाण्याचा ग्लास बाबांच्या हातात दिला, गोळी दिली. त्यांनी ती गिळली. मग ती त्यांच्या शेजारी खाली टेकली, गुडघा चोळत, आणि ह्या वेळी हळू बोलली. दोघांकडे आळीपाळीने पाहत, छोटं काहीतरी, शेवटी भुवया वर.

"हो," बाबा म्हणाले. "हो, बरोबर आहे तुझं."

आईचा हात गुडघ्यावरच थांबला. तिने बाबांकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा बाबांकडे. तिने काय विचारलं होतं कोण जाणे. पण त्याचं उत्तर 'हो' नव्हतं.